'प्रेस्बूतेरोस' आणि 'वडील' : ग्रीक बायबलातील एका वयवाचक विशेषणाचा अर्थ व व्याकरण

ठाणे व रायगड जिल्ह्यांतील आगरी बोलीत बापाला 'बापूस' म्हणतात. उल्हास नदीच्या खोऱ्यात, जांभूळ, अंबरनाथ, बदलापूर या बाजूसही हा शब्द कानी पडतो. तेथील शाळेत शिकलेला मुलगा कागदावर मात्र 'माझे वडील' असेच लिहितो, आणि 'वडील' म्हणजे 'बाप' याहून निराळे काही असू शकेल याची त्याला क्वचितच जाणीव असते. अशा वाचकाने मराठी बायबल उघडले म्हणजे त्याला 'लोकांचे वडील', 'मंडळीचे वडील', प्रकटीकरणाच्या पुस्तकात सिंहासनासभोवती बसलेले 'चोवीस वडील' आणि उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात 'वडील मुलगा' असे प्रयोग भेटतात. पहिल्या तिहींचा अर्थ तो कसाबसा लावून घेतो, चौथ्याशी अडखळतो. या चारही ठिकाणी मूळ ग्रीकात एकच विशेषण आहे, 'प्रेस्बूतेरोस'. नव्या करारात ते सुमारे ६६ वेळा येते. मराठी अनुवादकांनी त्याच्यासाठी जो शब्द योजला त्याची योग्यता, आणि त्या शब्दाचा अर्थ पालटल्यामुळे आज उत्पन्न झालेली अडचण, या दोन्ही गोष्टी समजून घ्यावयाच्या तर प्रथम मूळ विशेषणाचे व्याकरण पाहिले पाहिजे.

'प्रेस्बूतेरोस' हे रूप 'प्रेस्बूस' म्हणजे म्हातारा, वयोवृद्ध या शब्दाला '-तेरोस' हा तरवाचक प्रत्यय लागून झाले आहे. त्याला तिन्ही लिंगांची रूपे आहेत: पुल्लिंगी 'प्रेस्बूतेरोस', स्त्रीलिंगी 'प्रेस्बूतेरा', नपुंसकलिंगी 'प्रेस्बूतेरोन'. 'प्रेस्बूस' या शब्दाचा पूर्वभाग 'पुढे' या अर्थाचा असून उत्तरभाग 'जाणे' या अर्थाच्या धातूशी जोडावा असे अनेक भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे, व त्याच्या तुलनेसाठी ते वेदातील 'पुरोगव' हा शब्द पुढे करतात. ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही. ती खरी असल्यास मात्र या शब्दात आरंभापासूनच वर्षांची मोजणी नसून पुढे असण्याची कल्पना आहे असे म्हणता येईल. मराठीतील 'पुढारी' या शब्दाची घडण त्याच कल्पनेवर झाली आहे.

खरे महत्त्व प्रत्ययाचे आहे. ग्रीक '-तेरोस' आणि संस्कृत '-तर' हे सख्खे भाऊ होत. शालेय व्याकरणात या प्रत्ययाचा अर्थ 'अधिक' असा सांगतात. तथापि त्याचे मूळ कार्य गुणाचे प्रमाण वाढविणे हे नव्हे, दोन पक्षांपैकी एक वेगळा काढून दाखविणे हे होय. 'इतर', 'कतर', 'अन्यतर' या शब्दांत कोठल्याही गुणाचे आधिक्य नाही. 'अश्वतर' म्हणजे अधिक घोडा नव्हे, खेचर. ग्रीकातही 'हेतेरोस' म्हणजे दोहोंतील दुसरा. आणि होमरच्या भाषेत स्त्रियांना 'थेलूतेरोस' हे विशेषण लागते ते 'अधिक स्त्री' अशा अर्थाने नव्हे, पुरुषांहून निराळा असा स्त्रीपक्ष दाखविण्यासाठी लागते. तेव्हा 'प्रेस्बूतेरोस' म्हणजे 'अधिक म्हातारा' असे न म्हणता 'थोरल्या बाजूचा' असे म्हटल्यास प्रत्ययाचे कार्य नेमके पकडले जाते. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातील (लूक १५:२५) वडील मुलगा म्हातारा नाही. तो शेतात राबणारा धडधाकट पुरुष आहे. दोन भावांतील त्याची जागा तेवढी त्या शब्दाने दाखविली आहे. त्याच्या भावाचे विशेषणही 'नेओतेरोस' असे तरवाचकच आहे.

मराठीत तरवाचक प्रत्यय नाही. 'पेक्षा' किंवा '-हून' यांच्या साहाय्याने आपण तुलना करतो. परंतु निवड दाखविणारा एक प्रत्यय मराठीपाशी आहे, आणि त्याची दखल व्याकरणकारांनी जितकी घ्यावयास हवी तितकी घेतलेली दिसत नाही. 'थोर' म्हणजे मोठा, श्रेष्ठ. 'थोरला' म्हणजे अनेकांतील वा दोहोंतील तो विशिष्ट मोठा. 'पुढला', 'मागला', 'मधला', 'वरला' या सर्वांत '-ला' हेच काम करतो. ग्रीकात उपपद आणि तरवाचक विशेषण मिळून जे साधतात ते मराठीत एकटा '-ला' साधतो. इतिहासात 'थोरले बाजीराव' (१७००–१७४०) असे आपण म्हणतो ते दुसऱ्या बाजीरावापासून त्यांना वेगळे काढण्यासाठी. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ चा. त्यापूर्वी पस्तीस वर्षे थोरले बाजीराव वारले होते, आणि त्यांना अवघे चाळीस वर्षांचे आयुष्य लाभले. दुसरे बाजीराव मात्र पंचाहत्तरी गाठून १८५१ मध्ये निवर्तले. वर्षे मोजली तर 'थोरला' हा शब्द उलटाच ठरेल. मोजणी वर्षांची नाहीच, जागेची आहे.

संस्कृत वैयाकरणांनी हे अंग फार सूक्ष्मतेने पाहिले होते. पाणिनीच्या पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात (५.३.६१ व ६२) 'ज्य' हा आदेश प्रथम 'प्रशस्य' या शब्दाला आणि मग 'वृद्ध' या शब्दालाही सांगितला आहे. म्हणजे 'ज्यायान्' आणि 'ज्येष्ठ' ही रूपे स्तुत्यतेची की वयाची, याचा निर्णय रूपावरून होत नाही. दोन्ही अर्थ व्याकरणानेच मान्य केले आहेत. शिवाय दोहोंत 'ज्यायान्' आणि अनेकांत 'ज्येष्ठ' असा भेद संस्कृतात आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ (इ. स. १०६०) चा लेख ज्याच्या काळचा, तो शिलाहार राजा मुम्मुणि तीन भावांतील शेवटचा, छित्तराज, नागार्जुन आणि तो असे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. नियमाने बोलावयाचे तर नागार्जुन मुम्मुणीच्या मानाने 'ज्यायान्', पण तिघांत 'ज्येष्ठ' एकटा छित्तराज. अभिजात ग्रीकातही 'प्रेस्बूतेरोस' आणि 'प्रेस्बूतातोस' असा असाच जोड होता. नव्या कराराच्या व्यवहारी ग्रीकात मात्र तमवाचक रूपे मागे पडत चालली होती आणि तरवाचक रूप दोन्ही कामे करू लागले होते. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीच्या कथेत लोक एकेक करून निघून जातात ते 'प्रेस्बूतेरोइ' पासून आरंभ करून (योहान ८:९). तेथे जमाव आहे, दोघे नव्हेत. अर्थ 'सर्वांत वडील असलेल्यांपासून' असाच घ्यावा लागतो. (ही कथा जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे, भाषेच्या पुराव्यास त्याने बाध येत नाही.)

आता षष्ठीविषयी. ग्रीकात ज्याच्याशी तुलना करावयाची तो शब्द तरवाचक विशेषणानंतर षष्ठीत येतो. 'प्रेस्बूतेरोस' नंतर नव्या करारात षष्ठी वारंवार येते: 'लोकांचे', 'मंडळीचे', 'इस्राएलाचे'. ही षष्ठी तुलनेची नव्हे, संबंधाची आहे. 'लोकांचे वडील' म्हणजे लोकांहून वयाने मोठे असलेले नव्हेत, लोकांपैकी आणि लोकांसाठी वडील असलेले. ग्रीकात रूप एकच असल्यामुळे हा भेद संदर्भावरून ओळखावा लागतो. मराठीत 'लोकांचे' आणि 'लोकांहून' ही दोन वेगळी रूपे असल्याने अनुवादकाला निर्णय घेतल्यावाचून वाक्य लिहिताच येत नाही. एवढ्यापुरती मराठी ग्रीकाहून अधिक काटेकोर आहे. ज्या क्षणी तुलनेची षष्ठी गळाली त्या क्षणी हे विशेषण नाम होण्याच्या वाटेला लागले, असे मानावयास हरकत नाही.

ती वाट नव्या कराराच्या पुष्कळ आधीची आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून हिब्रू ग्रंथांचे जे ग्रीक भाषांतर होत गेले, त्यात हे विशेषण निरनिराळ्या हिब्रू शब्दांसाठी वापरलेले आढळते. त्यांतील मुख्य 'झाकेन'; त्याचा 'झाकान' म्हणजे दाढी या शब्दाशी संबंध आहे. ज्याला दाढी आली तो पंचांत बसावयास योग्य, ही कल्पना उघड आहे. लोटाच्या दोन मुलींपैकी थोरली (उत्पत्ती १९:३१) हिब्रूत 'प्रथम जन्मलेली' आहे, ग्रीकात 'प्रेस्बूतेरा'. एसाव हा हिब्रूत 'मोठा' मुलगा (उत्पत्ती २७:१), ग्रीकात तोही 'प्रेस्बूतेरोस'. पण भाषांतरकार यांत्रिक नव्हते. उत्पत्तीच्या एकोणतिसाव्या अध्यायात लेआ व राहेल यांची प्रथम ओळख होते तेव्हा लेआला 'मेइझोन' म्हणजे 'अधिक मोठी' म्हटले आहे (वचन १६), आणि पुढे लाबान याकोबाला बजावतो की आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटी देण्याची रीत नाही, तेव्हा तीच लेआ 'प्रेस्बूतेरा' होते (वचन २६). ओळख करून देताना आकाराचा शब्द, रीतीचा आणि हक्काचा प्रश्न येताच वडीलपणाचा शब्द. मूळ हिब्रूतही शब्द बदलतो हे खरे. तरी ग्रीक वाचकाच्या कानाला हा फरक जाणवल्यावाचून राहिला नसेल. मराठी घरात 'मोठी' आणि 'थोरली' यांत असाच फरक आहे. मोठी मुलगी कोणीही असू शकते. थोरली घरात एकच असते, आणि तिचे लग्न आधी व्हावयाचे असते.

वडीलपण हे हक्काचे नाव झाले म्हणजे ते वयापासून सुटते. मराठेशाहीतील वतनाच्या कागदपत्रांत 'वडीलपण' हा शब्द पदोपदी येतो. पाटीलकीत होळीचा मान कोणाचा, शिरपाव आधी कोणी घ्यावयाचा, यासाठी दोन घरे पिढ्यान्‌पिढ्या भांडत, आणि भांडणाचा विषय माणसाचे वय हा नसून घराचे वडीलपण हा असे. देवासचे उदाहरण याहून बोलके आहे. अठराव्या शतकात तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंनी तेथे राज्य केले. त्यांच्या वंशजांची 'थोरली पाती' आणि 'धाकटी पाती' अशी दोन संस्थाने १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन होईपर्यंत एकाच गावात नांदली. मूळ बंधू गेल्यावर थोरल्या पातीच्या गादीवर एखादे वेळी बालक बसला आणि धाकटीवर म्हातारा, तरी थोरली ती थोरलीच. विशेषण व्यक्तीवरून उडून गादीवर जाऊन बसले होते.

इजिप्तमधील ग्रीक कागदपत्रांत 'गावचे प्रेस्बूतेरोइ' आढळतात. सारा आणि शेती यांची जबाबदारी त्यांच्यावर असे. आपल्याकडे महाराष्ट्रातही याच जातीचे रूपांतर झालेले दिसते. भाजे येथील लेण्यांत चौदा स्तूपांचा एक समूह आहे, आणि त्यांतील काहींवर ज्या भिक्षूंच्या स्मरणार्थ ते कोरले त्यांची नावे आहेत. धमगिरी, संघदिन ही त्यांपैकी. नावाआधी 'थेरानं' हा शब्द येतो. 'थेर' म्हणजे संस्कृत 'स्थविर', वृद्ध. हा शब्द तेथे उपाधी झाला आहे, आणि एकाच व्यक्तीसाठी तो षष्ठीच्या अनेकवचनात घातला आहे. नावही त्याच वचनात. आजचा मराठी माणूस 'वडील आले' म्हणतो, 'वडील आला' म्हणत नाही, त्या आदरार्थी अनेकवचनाचे हे दोन हजार वर्षांपूर्वीचे नातलग होय. ग्रीकाला ही सोय नव्हती. योहानाचे दुसरे व तिसरे पत्र लिहिणारा आपला उल्लेख फक्त 'हो प्रेस्बूतेरोस' असा एकवचनी करतो, आणि आदराचा सारा भार 'हो' या उपपदावर पडतो.

नव्या करारात विशेषण आणि उपाधी हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात, आणि खरी परीक्षा तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात होते. पहिल्या वचनात सांगितले आहे की 'प्रेस्बूतेरोस' असलेल्याला फटकारू नये, पित्याला सांगावे तसे सांगावे; मग तरुणांना भावांप्रमाणे, 'प्रेस्बूतेरा' स्त्रियांना मातांप्रमाणे, तरुणींना बहिणींप्रमाणे. येथे चारही गट वयाचे आहेत. स्त्रीलिंगी रूप जोडीला आल्यामुळे शंकेस जागाच राहत नाही. तोच शब्द सतराव्या वचनात परत येतो तेव्हा त्याला 'चांगल्या रीतीने कारभार पाहणारे' असे धातुसाधित जोडले आहे आणि त्यांच्या दुप्पट मानाची गोष्ट निघाली आहे. एकोणिसाव्यात त्यांच्यावरील आरोपाला दोन-तीन साक्षीदार हवेत असे म्हटले आहे. हे उघडच अधिकारी होत. जेरोमच्या नावाने चालणाऱ्या लॅटिन भाषांतराने पहिल्या वचनात 'सेनिओर' आणि सतराव्यात 'प्रेस्बितेर' असे दोन शब्द घालून गाठ सोडविली. पण ती सोडविताना मूळ लेखकाच्या वाचकाला जे एका शब्दात ऐकू येत होते ते तुटले. पुढे 'प्रेस्बितेर' पासूनच इंग्रजीतील 'प्रीस्ट' हा शब्द निपजला, आणि इंग्रजीने तो यज्ञ करणाऱ्या याजकासाठी राखला, ज्याच्यासाठी ग्रीकात 'हिएरेउस' असा अगदीच निराळा शब्द आहे. मराठीत हा घोटाळा झाला नाही. 'याजक' आणि 'वडील' हे मराठी बायबलात पहिल्यापासून वेगळे भासतात, आणि याचे श्रेय अनुवादकांच्या शब्दनिवडीस आहे.

'वडील' हा शब्द प्राकृत 'वड्ड' म्हणजे मोठा यावरून '-इल्ल' प्रत्यय लागून आला. व्यंजनान्त असल्यामुळे विशेषण म्हणून तो लिंगवचनाने बदलत नाही: वडील भाऊ, वडील बहीण. नाम झाला की 'वडिलांना', 'वडिलांचा' अशी त्याची रूपे होतात. म्हणजे विशेषण, नाम, पूर्वज ('वाडवडील'), आणि हक्क ('वडीलपण') हा 'प्रेस्बूतेरोस' चा सारा प्रवास या एका मराठी शब्दाने केला होता. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात (वचन २) 'प्रेस्बूतेरोइ' म्हणजे प्राचीन पूर्वज; तोही अर्थ 'वडील' शब्दात सहज मावतो. १८११ चा श्रीरामपूरचा नवा करार, १८२६ चा मुंबईतील अमेरिकन मिशनचा, १८४७ चे संपूर्ण बायबल, आणि पंडिता रमाबाईंनी केडगावी हिब्रू-ग्रीकावरून केलेले व त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेले भाषांतर, असा मराठी बायबलाचा शंभराहून अधिक वर्षांचा विकास या भाषिक काळात झाला. त्या काळी 'बाप' या शब्दाला ग्राम्यतेचा वास लागलेला नव्हता. देवाला आणि दृष्टांतातील पित्याला 'बाप' म्हणणे स्वाभाविक होते, म्हणून 'वडील' मोकळा राहिला.

आज नागर मराठीने 'बाप' टाळला आणि 'वडील' पित्यापुरता संकोचला. परिणामी तीमथ्याच्या पत्रातील पहिले वचन नव्या मराठीत घालणाऱ्याची कोंडी होते: वडिलांना वडिलांप्रमाणे सांगावे, असे पुनरुक्त वाक्य तयार होते. त्याला 'वडील माणूस' किंवा 'वयस्क' असे काही तरी योजून 'बाप' वा 'पिता' निराळा राखावा लागतो. 'वयस्क' हा शब्द वर्षे मोजतो, जागा सांगत नाही. 'ज्येष्ठ' त्यामानाने बरा, पण 'ज्येष्ठ नागरिक' या सरकारी प्रयोगाने त्यालाही साठीचा शिक्का बसला आहे. 'वडीलधारा' हा एक शब्द अद्याप शाबूत आहे. त्यात वयही आहे, मानही आहे, आणि बाप मात्र नाही.

सर्वांत अवघड जागा प्रेषितांच्या कृत्यांत आहे (१५:२३). विदेशी विश्वासणाऱ्यांनी सुंता करून घ्यावी की नाही, या प्रश्नाचा निवाडा यरुशलेमेत झाला आणि तो अंत्युखियास पत्राने कळविला. पत्राच्या मायन्यात पाठविणारे कोण ते दिले आहे. मागाहूनच्या हस्तलिखितांत ते 'प्रेषित आणि वडील आणि बंधू' असे तीन गट आहेत. सिनाई व व्हॅटिकन या जुन्या प्रतींत मात्र दुसरे 'आणि' व त्यापुढचे उपपद नाही. तेथे 'प्रेषित आणि प्रेस्बूतेरोइ अदेल्फोइ' एवढेच आहे. उपपद, विशेषण, नाम हा ग्रीकातील विशेषणाचा नेहमीचा क्रम होय. त्या न्यायाने अर्थ 'वडील बंधू' असा होतो. 'प्रेस्बूतेरोइ' हे नाम मानून 'बंधू' हे त्याच्याशी समानाधिकरण मानल्यास 'वडील, म्हणजे तुमचे बंधूच' असा अर्थ निघतो. पहिल्या अर्थाने निवाडा मंडळीतील थोरल्या भावांचा. दुसऱ्याने तो अधिकाऱ्यांचा, पण भावाच्या नात्याने कळविलेला. याच अध्यायात आधी (वचने २, ४, ६, २२) प्रेषित आणि वडील यांची जोडी अधिकारी म्हणूनच येऊन गेली आहे. वाचक तेविसाव्या वचनापाशी पोहोचतो तो ती जोडी मनात घेऊनच, म्हणून दुसरा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. मागाहूनच्या लेखनिकाने 'आणि' घातला तो बहुधा याच संदिग्धतेला कंटाळून.

मराठीत 'प्रेषित व वडील बंधू' असे शब्दशः लिहिले की ते दुसऱ्या अर्थाचे दार बंद करते, कारण 'वडील बंधू' ही आपल्याकडे कुटुंबातील नात्याची ठरलेली जोडी आहे. जुन्या मराठी पत्रलेखनात आई-बापांस 'तीर्थरूप' आणि इतर वडीलधाऱ्यांस 'तीर्थस्वरूप' लिहिण्याचा प्रघात होता. एका अक्षरसमूहाने जन्मदाता आणि मानाने वडील यांतील भेद पाळला जाई. त्या मायन्यात पाठविणाऱ्याच्या बाजूस असा भेद करणारा शब्द मराठीतही नव्हता. 'प्रेषित व वडील, आपले बंधू' असे मध्ये स्वल्पविराम घालून लिहिणे एवढाच मार्ग अनुवादकास उरतो. आणि तो स्वल्पविराम जुन्या ग्रीक प्रतींत नाही, कारण त्या प्रतींत शब्दांमध्ये अंतर सोडण्याचीसुद्धा पद्धत नव्हती.